बेवड

खुरपणी करताना तणाबरोबर एखादं भुईमुगाचं रोपही उपटून हातात येतं. अशा रोपाची मुळं झटकून पाहिली, की त्यांना मोहरीच्या दाण्याएवढे गोळे चिकटलेले दिसतात. लहानपणी ते नखाने फोडायचा मला नाद होता. आतून गुलाबी, जवळजवळ रक्ताच्या रंगाचा ओलावा बोटाला लागायचा. रोपाला काहीतरी रोग झालाय अशा समजुतीने मी एकदा ते आजोबांना नेऊन दाखवलं. त्यांनी गाठींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘रोग कसला रे, हा तर गव्हासाठीचा बेवड.’’

बेवड हा शब्द शहरी मराठीतून जवळजवळ गेला आहे. एक पीक निघून गेल्यावर जमिनीत जे मागे उरतं आणि ज्याच्यावर पुढचं पीक पोसतं किंवा पडतं, तो बेवड. तो चांगला असतो तसा वाईटही असतो. भुईमुगाचा, हरभऱ्याचा, तागाचा बेवड चांगला. ज्वारीवर वर्षानुवर्षं ज्वारीच घेतली, तर बेवड बिघडतो. या शब्दात नायट्रोजन नाही, जिवाणू नाहीत, बुरशी नाही. असंख्य हंगाम पाहिलेल्या डोळ्यांची नोंद आहे. त्या नोंदीखाली जमिनीत काय चालतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

मागच्या प्रकरणात आपण मुळाची रूपांतरं पाहिली. वडाची पारंबी जमिनीला टेकते आणि खांब होते. केवड्याची मुळं तिरपी उतरून बुंध्याला आधार देतात. खाडीतल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि श्वास घेतात. रताळ्याचं मूळ अन्न साठवून फुगतं. (हळद, आलं, बटाटा ही खोडं आहेत, आणि भुईमुगाची शेंगही मूळ नव्हे, फूल फळल्यावर जमिनीत घुसणाऱ्या आरीच्या टोकाला ती धरते.) ही सगळी रूपांतरं झाडाने एकट्याने केलेली. गाठ मात्र झाड एकटं करत नाही. तिच्या पेशी झाडाच्या, पण ती बांधायची तेव्हाच, जेव्हा दारात कोणी येऊन उभं असतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. प्रथिनाला तो लागतोच, म्हणजे पानाला लागतो, दाण्याला लागतो, आपल्या स्नायूंनाही लागतो. तरी पीक त्या हवेत उभं राहून उपाशी मरू शकतं, कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेले असतात आणि तो बंध तोडणं कुठल्याही झाडाला जमत नाही. मग द्विदल पिकं जमिनीला सुपीक करतात ती कशी? या प्रश्नाने एकोणिसावं शतक जवळजवळ सगळं खाल्लं. त्याची गोष्ट मला विज्ञानातल्या फार शिकवणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटते.

फ्रान्सच्या ज्याँ-बातिस्त बूसँगो याने १८३८ मध्ये दाखवलं, की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्यात जमिनीने दिला त्यापेक्षा जास्त नायट्रोजन सापडतो. गहू आणि ओट यांच्यात तसा सापडत नाही. उत्तर हातात आलं होतं. पण पुढे त्यानेच माती भाजून, अधिक शुद्ध परिस्थितीत प्रयोग केले, तेव्हा ती वाढ नाहीशी झाली. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे जॉन बेनेट लॉज, जोसेफ हेन्री गिल्बर्ट आणि अमेरिकन इव्हान प्यू यांनी १८५७-५८ मध्ये त्याहून कडक बंदोबस्त केला. माती तापवलेली, रोपं काचेखाली, आत सोडायची हवा गंधकाम्लातून धुऊन घेतलेली, जेणेकरून अमोनियाचा अंशही शिरू नये. निकाल स्पष्ट आला : वनस्पती हवेतला नायट्रोजन घेत नाहीत. त्या काळातला तो सगळ्यांत काटेकोर प्रयोग, आणि त्याच काटेकोरपणाने त्याला चुकीच्या उत्तरापाशी नेलं. माती तापवली तेव्हाच तिच्यातलं जे शोधायचं होतं ते मरून गेलं होतं. शेतकरी मात्र या सगळ्या काळात क्लोव्हर पेरत होता आणि त्यावर गहू घेत होता.

गाठ सुटली ती जर्मनीत, बर्नबुर्गला. हर्मान हेलरीगेल आणि हर्मान विल्फार्थ वाळूच्या कुंड्यांमध्ये पिकं वाढवत होते. ओट आणि सातू यांचा हिशेब सरळ होता : जेवढं नायट्रेट द्यावं तेवढी वाढ. वाटाणा मात्र हिशेबात बसेना. सारख्याच कुंड्यांपैकी एकीत तो फोफावायचा, शेजारच्या दुसरीत खुरटायचा. अशा वेळी माणूस प्रयोग बिघडला म्हणून सोडून देतो. या दोघांनी त्या लहरीपणाचाच पाठलाग केला. निर्जंतुक वाळूत वाटाणा ओटसारखाच उपाशी राहतो, आणि त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं, की मुळांना गाठी येतात आणि वाटाणा तरारतो, हे त्यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत मांडलं. दोनच वर्षांनी हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक याने गाठींतून जिवाणू वेगळे काढून वाढवले. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी याने शेंगवर्गीय मुळांवरच्या या गाठींची चित्रं काढली होती, पण त्याला त्या किडीने आलेल्या फुगोट्यांसारख्या वाटल्या. माझ्या लहानपणीच्या समजुतीला चांगला सोबती होता म्हणायचा.

आता जमिनीखाली काय घडतं ते पाहू. नायट्रोजनची टंचाई जाणवली, की द्विदल रोपाचं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. आसपास असलेल्या हजारो प्रकारच्या जिवाणूंपैकी रायझोबियम कुळातल्या ठरावीक जिवाणूंनाच ती हाक कळते. ते उत्तरादाखल स्वतःचं एक द्रव्य सोडतात. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात आणि त्याची रचना १९९० मध्ये उलगडली. हे उत्तर ओळखीचं निघालं, तरच पुढची पायरी. मूळरोम छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग झाड स्वतःच्या पेशीभित्तिकेतून आत जाणारी एक बारीक नळी तयार करतं, आणि जिवाणू त्या नळीतून एकामागून एक खोल उतरतात. तोवर खाली पेशींचं विभाजन सुरू झालेलं असतं : पाहुणा ओसरीवर असतानाच आत खोली बांधायला घेतलेली असते. भुईमुगाची रीत जरा साधी आहे. त्यात जिवाणू मूळरोमातून येत नाहीत. उपमुळं फुटताना जिथे साल तडकते, त्या भेगेतून आत शिरतात.

खोलीत आल्यावर जिवाणूंभोवती झाडाच्या पेशीचं पातळ आवरण चढतं आणि त्यांचं काम सुरू होतं. नायट्रोजिनेज नावाचं विकर तो तिहेरी बंध तोडून अमोनिया बनवतं. या विकराच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतात, आणि त्याची एक मोठी अडचण आहे : ऑक्सिजन लागला की ते कायमचं निकामी होतं. उलट जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच, कारण हे काम विलक्षण दमवणारं आहे. ऑक्सिजन हवाही आणि नकोही. या पेचावर झाडाने काढलेला तोडगा म्हणजे तो गुलाबी रंग. लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन गाठीत ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजूनमापून पोचवतं, मोकळा मात्र जवळजवळ ठेवत नाही. १९३९ मध्ये जपानच्या हिदेओ कुबो यांनी दाखवलं, की हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचा आहे. बोटाला लागलेला ओलावा रक्तासारखा दिसायचा, तो उगाच नव्हे.

माणसाने हेच काम कारखान्यात केलं. फ्रिट्झ हाबरने पद्धत शोधली, कार्ल बॉशने ती मोठ्या प्रमाणावर आणली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथे पहिला कारखाना सुरू झाला. तिथे ४००-५०० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दोनशेपटीच्या आसपासचा दाब लागतो. आजचा युरिया याच वाटेने येतो. गाठीत तेच काम श्रावणातल्या मातीच्या तापमानाला होतं. पण म्हणून ते फुकट होतं असं समजू नये, आणि इथेच लोकप्रिय लेखनात नेहमी घसरण होते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला ऊर्जेची चलनी नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, किमान सोळा खर्ची पडतात. ही ऊर्जा पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून येते. जी साखर दाण्यात गेली असती, ती गाठीत जाते.

म्हणून झाड हिशेब ठेवतं. गाठी किती येऊ द्यायच्या, हे मूळ एकटं ठरवत नाही. पहिल्या गाठी बसल्या की त्यांचा निरोप खोडातून पानांपर्यंत जातो, आणि पानांकडून ‘आता पुरे’ असा उलट निरोप खाली येतो. हा निरोप पोचवण्यात बिघाड झालेल्या सोयाबीनच्या जाती प्रयोगशाळेत आहेत. त्यांची मुळं गाठींनी अक्षरशः लगडतात आणि झाड मात्र खुरटं राहतं. शिवाय जमिनीत नायट्रेट भरपूर असेल, तर रोप हाकच देत नाही आणि असलेल्या गाठींचं कामही मंदावतं. हरभऱ्याला, भुईमुगाला युरियाचा जादा हात देणाऱ्याने हे लक्षात घ्यावं, असं मला फार कळकळीने वाटतं. पैसे मोजून आणलेलं खत झाडाला हवेतलं खत नाकारायला शिकवतं. पेरताना दिलेली थोडी मात्रा वेगळी; गाठी कामाला लागेपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे रोपाला ती उपयोगी पडते.

पाहुणा आळशी निघाला तर? मातीत असेही रायझोबियम असतात, जे गाठीत राहतात, साखर खातात आणि नायट्रोजन देत नाहीत. टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला. जिवाणू प्रामाणिक होते, पण आता त्यांच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला आणि त्यांतल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. झाडाला कारण कळत नाही. त्याला फक्त आवक दिसते. या संबंधाला आपण सहजीवन म्हणतो, आणि शब्द गोड असल्यामुळे मनात मैत्रीचं चित्र येतं. मला त्यापेक्षा आठवडी बाजारातली जुनी उधारी जवळची वाटते : दोन्ही बाजूंना गरज, दोन्ही बाजूंचं लक्ष, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला व्यवहार.

हा व्यवहार कोणाशीही होत नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. सोयाबीन हे पूर्व आशियातलं पीक. विदर्भ-मराठवाड्यात ते गेल्या काही दशकांत पसरलं, आणि त्याचा सोबती जिवाणू आपल्या जमिनीत आधीपासून मुबलक नव्हता. म्हणून बीजप्रक्रिया. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटात जिवंत जीव आहेत, हे विसरून ते तापलेल्या पत्र्याखाली ठेवलं, तर आत काळी पूड तेवढी उरते.

आजोबांच्या वाक्यात मला पुढे एक दुरुस्ती करावी लागली. जिवंत पीक आपला नायट्रोजन मातीत फारसा सांडत नाही. तो पानांत जातो, तिथून दाण्यात जातो. भुईमूग मुळासकट उपटला, शेंगा घरी आल्या, पाला बैलांच्या पुढ्यात गेला, तर त्या शेतात किती उरणार? गळालेली पानं, तुटलेली मुळं, कुजलेल्या गाठी एवढंच. तूर महिनोन्‌महिने उभी राहते आणि पानांचा थर टाकते, म्हणून तिचा बेवड सरस. ताग आणि धैंचा तर फुलावर येण्याच्या सुमारास आख्खेच गाडतात, तिथे सगळंच जमिनीला मिळतं. मग भुईमुगावरचा गहू खरोखर चांगला येतो तो कशामुळे? कारण बेवड नायट्रोजनपुरता नसतो.

हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत तुरीच्या मुळांवर झालेलं काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. तांबड्या जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लोहाशी जखडलेलं असतं आणि बहुतेक पिकांच्या हाती लागत नाही. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल नावाचं एक आम्ल सोडतात. ते लोहाला पकडतं आणि स्फुरद मोकळं होतं. हरभराही असाच आंबट. त्याच्या पानांवरची आंब पहाटे फडक्याने टिपून घेण्याची रीत जुन्या लोकांना ठाऊक आहे. तशीच आम्लं त्याची मुळंही जमिनीत सोडतात.

आणि स्फुरद म्हटलं की बुरशीकडे जावं लागतं. स्फुरद मातीतून जवळजवळ सरकत नाही. मूळ आपल्या भोवतालचं मिलीमीटरभर अंतरातलं स्फुरद शोषून घेतं आणि मग रिकाम्या कड्यात अडकून पडतं. बुरशीचे धागे मूळरोमाहूनही कितीतरी बारीक असतात. ते त्या कड्यापलीकडे पसरतात आणि स्फुरद आत आणतात. या जोडीला मायकोरायझा, बुरशी-मूळ, हे नाव १८८५ मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक याने दिलं. त्याला खरं तर प्रशियाच्या सरकारने ट्रफल या महागड्या खाद्य बुरशीची लागवड करता येईल का, ते पाहायला सांगितलं होतं. ट्रफलची शेती त्याच्या हातून झाली नाही. पण जंगलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं अस्तर निरोगी असतानाही असतं, हे त्याने पाहिलं.

पिकांतली बुरशी निराळ्या प्रकारची. ती मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी फांद्या-उपफांद्यांची रचना करते, तिथे देवाणघेवाण होते, आणि काही दिवसांत ते झुडूप विरून दुसरं तयार होतं. बदल्यात झाड साखर देतं आणि स्निग्ध पदार्थही देतं, कारण या बुरशींना स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जतन झाल्या आहेत. त्यांना खरी मुळं नव्हती; पण त्यांच्या पेशींत ही झुडपं होती. म्हणजे मुळांच्या आधी बुरशी आली. शेंगवर्गीय झाडांनी फार नंतर जिवाणूंसाठी जी बोलणी सुरू केली, ती बुरशीशी बोलायच्या याच जुन्या यंत्रणेवर उभी आहे. मोहरी-कोबीच्या कुळासारखे थोडे अपवाद सोडले, तर जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती आजही ही जोडी सांभाळून आहेत. झाडं या धाग्यांतून एकमेकांशी बोलतात, आई झाडं पिलांना भरवतात, अशा कथा हल्ली फार सांगितल्या जातात. खऱ्या जंगलातला पुरावा त्या कथांना अजून पुरत नाही, म्हणून मी त्या इथे सांगत नाही.

सांगायची ती टारफुल्याची गोष्ट. ज्वारीच्या धाटापाशी पांढऱ्या फुलांची ही नाजूक वनस्पती दिसली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण ती वर दिसेपर्यंत खाली ज्वारीच्या मुळात घुसून बसलेली असते. तिचं बी धुळीसारखं. वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि यजमानाचं मूळ जवळ आल्याशिवाय उगवत नाही. मूळ आलं हे त्याला कळतं कसं? मुळातून स्रवणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या द्रव्यांवरून. त्यांतलं पहिलं द्रव्य १९६६ मध्येच सापडलं होतं. पण आपल्या मारेकऱ्याला जागं करणारं द्रव्य झाड कशाला सोडेल, हे कोडं २००५ पर्यंत सुटलं नाही. त्या वर्षी जपानी संशोधकांनी दाखवलं, की ही हाक मुळात बुरशीसाठी आहे. तिने बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात. टारफुला ती चोरून ऐकतो. आणि स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळं ही हाक अधिक जोराने देतात, म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो.

गंमत अशी, की ते पहिलं द्रव्य ज्वारीतून नव्हे, कापसाच्या मुळांतून मिळालं होतं. कापूस टारफुल्याचा यजमान नाही. त्याच्या मुळांपाशी बी फसून उगवतं, आधार न मिळाल्याने मरतं, आणि जमिनीतला साठा कमी होतो. भुईमूगही असाच फसवतो. ज्वारीवर ज्वारीने बिघडलेला बेवड मधल्या एखाद्या पिकाने सुधारतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

या व्यवहाराचे आणखी नमुने लांब शोधायला नकोत. कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं निव्वळ वाळूत उभी असतात. सुरू शेंगवर्गीय नाही, तरी तिच्या मुळांना गाठी येतात. त्यांत फ्रांकिया हा वेगळाच जिवाणू राहतो, आणि त्याचं नाव त्याच ट्रफलवाल्या फ्रांकवरून पडलं आहे. बागेतल्या सायकसची काही मुळं पोवळ्यासारखी फांदत वर, जमिनीच्या पृष्ठभागाकडे येतात, आणि त्यांच्या आत नील-हरित जिवाणूंचं हिरवं कडं असतं. मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या तोतोंतेपेकचा उंच मका मात्र आपल्या माहितीतला नव्हे. त्याला जमिनीच्या बऱ्याच वर, कांड्याकांड्यावर आधारमुळं फुटतात आणि पावसात त्यांतून दाट, गोड बुळबुळीत चीक ठिबकतो. त्या चिकात नायट्रोजन बांधणारे जिवाणू पोसले जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या मक्याचा २९ ते ८२ टक्के नायट्रोजन हवेतून आलेला आढळला. तिथल्या मीहे लोकांनी हा मका पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपला आहे.

आपल्या शेतातला व्यवहार पाहायचा असेल, तर पेरणीनंतर पाचएक आठवड्यांनी जावं. रोप उपटू नये. उपटलं की बऱ्याच गाठी मातीत राहतात. खुरप्याने ढेकळासकट उचलावं, बादलीत भिजत ठेवावं आणि माती आपोआप सुटू द्यावी. मोठ्या गाठी सोटमुळाजवळ बसल्या आहेत का ते बघावं आणि ब्लेडने दोन-चार कापाव्यात. आत गुलाबी किंवा लाल असेल, तर काम चालू आहे. पांढरी असेल तर ती कोवळी आहे, किंवा आतला जिवाणू कामाचा नाही. शेंगांत दाणा भरू लागला की साखर तिकडे वळते, आणि मग हाच रंग हिरवट, पुढे तपकिरी होतो. लेगहिमोग्लोबिन मोडू लागलेलं असतं. गाठ मऊ पडते, फुटते. सोयाबीन-भुईमुगाच्या गाठींतले पुष्कळ जिवाणू अजून जिवंत असतात. ते मातीत उतरतात, कणांच्या फटींत बसून राहतात आणि पुढच्या खरिपात कोणाची हाक येते याची वाट पाहतात.